एवढं भाडं शेवटी भरतं कोण? विमानतळावरच्या दुकानांबद्दल वाचकांचे प्रश्न

विमानतळावरचा चहा हा विषय निघाला की प्रत्येकाकडे सांगायला एक किस्सा असतोच, पण तो चहा नक्की कुठल्या टेबलावर महाग होतो ते टेंडर वाचल्याशिवाय कळत नाही. या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच घेतलीत. पहिलं पत्र मला सगळ्यात कामाचं वाटलं म्हणून निम्म्याच्या वर जागा त्यालाच गेलीय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न: आमच्या शहराच्या विमानतळ सल्लागार समितीवर मी व्यापारी संघटनेच्या वतीने आहे. नवीन टर्मिनल झालंय, आता खाण्यापिण्याची आणि दुकानांची सगळी जागा एकाच कंपनीला चालवायला द्यावी की एकेक गाळा वेगळा द्यावा यावर पुढच्या बैठकीत बोलणं होणार आहे. टेंडर आमच्या हातात नाही हे माहितीय, पण मत विचारतात. आमच्यातले एक जण म्हणतात, जो जास्त भाडं देईल त्याला द्या, विषय संपला. खरंच एवढं सोपं आहे का?
– एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर: सोपं आहे, पण फक्त टेंडर उघडतात त्या दिवशी. एएआयच्या म्हणजे विमानतळ प्राधिकरणाच्या टेंडरमध्ये साधारण असं असतं की कंपनीने दरमहा एक किमान रक्कम द्यायचीच, तिला एमजी म्हणतात, मिनिमम गॅरंटी, आणि विक्रीतला ठरलेला टक्का त्याहून जास्त झाला तर तो द्यायचा, दोन्हीतलं जे जास्त ते. एमजी दरवर्षी वाढत जाते. आणि बहुतेक वेळा जो सगळ्यात जास्त आकडा टाकेल तो एच-वन, काम त्याला.

आता हा हिशेब जरा पाकिटाच्या पाठीवर करून बघा. आकडे माझ्या मनाचे आहेत, पण हिशेबाची पद्धत हीच. महिन्याला १ लाख लोक तुमच्याकडून उडतात आणि एकाने ४० लाखांची एमजी टाकली. माणशी ४० रुपये, ऐकायला काहीच नाही. पण सगळे थोडेच खातात, चारातला एक काउंटरवर येतो असं धरा, मग त्या एका गिऱ्हाइकाच्या बिलातून १६० रुपये नुसते भाड्याचे निघायला पाहिजेत, अजून दूध-साखर आलेली नाही, पोरांचा पगार आलेला नाही, लाइट बिल आलेलं नाही. त्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि रेस्टॉरंटवाला गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेतो त्या स्कीममध्ये त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे आधी भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, म्हणजे ते जवळपास २९ रुपये पण खर्चातच गेले. भाडं विक्रीच्या पाव हिस्सा असावं असं धरलं तर प्रत्येक बिल ६४० रुपयांचं व्हायला हवं. एकट्या माणसाचं, सकाळच्या फ्लाइटला, जो घरून पोहे खाऊन निघालाय. होत नाही हो.

मग कंपनी पहिल्या वर्षी भाव चढवते, दुसऱ्या वर्षी माणसं कमी करते आणि तिसऱ्या वर्षी एमजी कमी करा म्हणून पत्रं लिहायला लागते, आणि तेही नाही जमलं तर कुलूप लावून जाते. मग पुन्हा टेंडर, आणि मधले कित्येक महिने पांढरा पडदा लावलेला गाळा आणि त्यावर ‘लवकरच येत आहोत’.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. दक्षिण कोरियातला, सोलजवळचा इंचॉन विमानतळ ड्युटी फ्रीच्या धंद्यात जगात मोठा समजतात. तिथे २०२३ मध्ये प्रवाशांच्या संख्येवर भाडं ठेवलं आणि शिला व शिनसेगे या दोन बड्या कंपन्यांनी माणशी सुमारे ९ हजार वॉन अशी बोली लावून जागा घेतल्या. कोविडनंतर प्रवासी परत आले पण खरेदी परत आली नाही, लोक दुकानासमोरून चालत गेटकडे जायचे आणि भाडं मात्र प्रत्येक डोक्यामागे चालूच. भाडं कमी करा म्हणून कंपन्या कोर्टात गेल्या, विमानतळ ऐकेना, शेवटी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये शिलाने आणि पुढच्याच महिन्यात शिनसेगेने जागा सोडायचं जाहीर केलं. त्याच्या आधी २०१८ मध्ये लोट्टेने तिथल्याच जुन्या टर्मिनलमधल्या बऱ्याच जागा सोडल्या होत्या, चिनी पर्यटक आटले म्हणून. यातलं कुणीही नवशिकं नव्हतं, तिघांचंही आयुष्य याच धंद्यात गेलंय, तरी बोलीच्या खोलीत बसल्यावर आकडा चढतोच.

आता एकाला द्यावं की अनेकांना. मुंबई-दिल्लीच्या टर्मिनलमध्ये तुम्हाला दहा पाट्या दिसतात पण त्यातल्या बऱ्याच पाट्यांच्या मागे किचन, खरेदी आणि माणसं एकाच कंपनीची असतात. आपल्याकडे यातलं सगळ्यात मोठं नाव ट्रॅव्हल फूड सर्व्हिसेस, २०२५ च्या जुलैमध्ये शेअर बाजारात आलेली, कपूर कुटुंबाची के हॉस्पिटॅलिटी आणि ब्रिटनचा एसएसपी ग्रुप यांची. बाहेरचे ब्रँड फ्रँचायझीवर घ्यायचे, काही ब्रँड स्वतःचे उभे करायचे आणि सगळं एका हाताने चालवायचं, अशी ही पद्धत. यात वाईट काही नाही, मोठ्या टर्मिनलमध्ये पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत शंभर भानगडी असतात आणि विमानतळाच्या मॅनेजरला एकच फोन लावायचा असेल तर बरं पडतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की तिथे स्पर्धा पाट्यांची असते, भावांची नसते.

दुसरी पद्धत अमेरिकेत पिट्सबर्गला होती. तिथलं नवीन टर्मिनल १९९२ मध्ये सुरू झालं तेव्हा दुकानांचं सगळं काम ब्रिटनच्या बीएए कंपनीकडे दिलं, पण तिने स्वतः बर्गर विकायचे नाहीत, फक्त जागा पाडायच्या, भाडेकरू शोधायचे, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, आणि अट अशी की शहरात जो भाव तोच टर्मिनलमध्ये. म्हणजे मॅनेजर वेगळा आणि दुकानदार वेगळा. मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक इथेच आहे. जो स्वतः विकतो तोच जर बाकीच्यांना जागा वाटत असेल तर गेटसमोरची चांगली जागा तो स्वतःलाच ठेवणार, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पण पिट्सबर्ग तुमच्याकडे आणू नका. तुमच्याकडे दिवसाला मोजकी विमानं आणि तीही झुबक्याने येतात, पाऊण तास चेंगराचेंगरी आणि मग दोन तास माश्या मारायच्या. अशा ठिकाणी सहा वेगळे दुकानदार बसवले तर सहाही उपाशी मरतील. त्यामुळे छोट्या टर्मिनलला खाण्यापिण्यासाठी एकच कंपनी चालेल, पण पुस्तकं, गूळ, चपला, साडी हा रिटेलचा भाग तिच्या गळ्यात बांधू नका, खाणंवाल्याला रिटेलमध्ये रस नसतो, तो तिथे चॉकलेटं आणि मानेची उशी ठेवून मोकळा होतो. आणि एक छोटा काउंटर करारातून बाहेर ठेवायला सांगा, त्याचं का ते खाली न्यू जर्सीच्या पत्रात येईल. पुण्याएवढं टर्मिनल असेल तर मात्र खाण्यासाठी किमान दोन कंपन्या हव्यात, एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात.

कंपनी निवडताना प्रेझेंटेशन बघू नका. थ्रीडी चित्रात सगळेच सुंदर दिसतात आणि चित्रातल्या बाईच्या हातात कायम लाटे कॉफीच असते. ती कंपनी आज जिथे चालवतेय तिथे कुणालातरी पहाटे साडेचारला पाठवा. पाचच्या आधी किती काउंटर उघडे आहेत, हॉट केसमधले समोसे आजचे आहेत की रात्रीचे, यूपीआयचा स्कॅनर चालतो की ‘सर कार्ड आहे का’ चाललंय, साधा चहा मेन्यूत वरच्या ओळीत आहे की मागितल्यावरच कळतं. आणि रांगेत उभं राहून घड्याळ लावायचं. बोर्डिंग सुरू झाल्याची घोषणा झाली की रांगेतले किती जण सोडून जातात, तो खरा आकडा, कंपनीच्या रिपोर्टमध्ये तो कधीच सापडत नाही.

माणसांचं पण विचारा. टर्मिनलच्या आत काम करायला प्रत्येक पोराला एन्ट्री पास लागतो, त्यासाठी पोलीस व्हेरिफिकेशन, बीसीएएसचे म्हणजे विमान सुरक्षा खात्याचे नियम, यात आठवडे जातात. या धंद्यात पोरं टिकत नाहीत हे सगळ्यांना माहितीय, मग एक जण सोडून गेला की त्याच्या जागेवर पासवाला दुसरा तयार असतो का? ज्या कंपनीने याचं उत्तर पटकन दिलं ती खरोखर विमानतळावर काम केलेली आहे असं समजा, बाकीच्यांनी मॉलमध्ये केलंय.

बैठकीत तुम्ही मत द्यायचंय तर माझ्या मते एवढंच मागा की एमजी माणशी ठेवा, म्हणजे विमानं कमी झाली तर भाडंही आपोआप उतरेल, २५ मार्च ते २४ मे २०२० देशातली प्रवासी विमानं बंद होती तेव्हा पक्क्या आकड्याची एमजी असलेल्यांचं काय झालं असेल विचार करा. इंचॉनला माणशीच होती आणि तरी बुडाले, कारण आकडाच अवाच्या सवा होता, म्हणून त्या आकड्याला वरची मर्यादा पण हवी, त्याच्या वर कुणी टाकला तर जास्तीचे मार्क नाहीत. निवडीत भावाला, मेन्यूला आणि चालू ठिकाणच्या पाहणीला भाड्याइतकेच मार्क. आणि विक्रीचं मशीन विमानतळाच्या सिस्टमला जोडलेलं, म्हणजे टक्केवारीत लपवाछपवी नको. एवढं मिनिट्समध्ये आलं तरी बास, कुणीतरी वाचेल.

प्रश्न: आमची पुण्यात मिसळीची तीन दुकानं आहेत. विमानतळावर खाण्याचं कंत्राट असलेल्या एका कंपनीने विचारलंय की तुमचा ब्रँड आत आणायचा का. मुलगा म्हणतो घ्या, नाव होईल. मला धाकधूक वाटते. काय बघू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: दादा, पहिलं हे बघा की ते तुमचं नाव मागतायत की तुम्हाला भाडेकरू म्हणून बोलावतायत, कारण बोलण्यात दोन्हीला ‘टायअप’ म्हणतात. नाव मागत असतील तर चालवणार ते, माणसं त्यांची, पैसे त्यांचे आणि तुम्हाला विक्रीवर रॉयल्टी. यात बुडायची भीती कमी, नाव खराब व्हायची जास्त. भाडेकरू म्हणून बोलावत असतील तर एमजी, फर्निचरचा खर्च, कॉमन एरियाचा चार्ज, वीज, जीएसटी, एफएसएसएआयचं म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं सेंट्रल लायसन्स, सगळं तुमच्याकडे, आणि त्यांनी विमानतळाला द्यायच्या टक्क्यावर स्वतःचा टक्का चढवून तुमच्याकडून घेणार. तीन दुकानांच्या जिवावर हे करू नका, स्पष्ट सांगतो.

पहिल्या प्रकारात घ्यायचं असेल तर मसाला आणि कट तुमच्याकडूनच जाईल अशी अट घाला, रेसिपी लिहून देऊ नका. बऱ्याच टर्मिनलच्या आत गॅस पेटवून स्वयंपाक करू देत नाहीत, रस्सा बाहेरच्या बेस किचनमध्ये होणार आणि आत इंडक्शनवर नुसता गरम होणार. तेव्हा सही करायच्या आधी एकदा तसाच करून, तासभर ठेवून, पुन्हा गरम करून स्वतः खाऊन बघा. वर तर्री राहते का, फरसाण वेगळ्या पुडीत देणार की आधीच घालून चिखल करणार, कांदा चिरायचा तर सुरी आत न्यायला पण नोंद लागते म्हणून कांदा चिरलेलाच येणार, तो कितीचा चिरलेला असेल? हे सगळं करारात लिहून घ्या, पाव धरून. रोजच्या विक्रीचा आकडा तुम्हाला मोबाइलवर दिसला पाहिजे, महिन्याच्या शेवटी पाठवलेल्या एक्सेलवर रॉयल्टी घेऊ नका. आणि त्यांचं मूळ कंत्राट कधी संपतंय ते विचारा, कारण ते गेलं की तुमची पाटी पण त्याच दिवशी उतरते. दीड वर्षच उरलं असेल तर मुलाला सांगा की नाव दुसरीकडे पण होतं.

प्रश्न: इथे न्यूअर्कला बाहेरच्या भावापेक्षा फार जास्त घेता येत नाही असा नियम आहे म्हणतात. मुंबईला उतरले की मात्र पाकीट रिकामं. आपल्याकडे असा नियम का नाही?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: ताई, तुमच्याकडचा नियमही कागदावर बरीच वर्षं होता. २०२१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरच्या मेन्यूतल्या २७ डॉलर ८५ सेंटच्या बिअरचा फोटो कुणीतरी टाकला आणि मग न्यूअर्क आणि लाग्वार्डिया दोन्ही जिच्या हाताखाली आहेत त्या पोर्ट ऑथॉरिटीची चौकशी बसली, २०२२ मध्ये रिपोर्ट आला, काही गिऱ्हाइकांकडून खरोखर एका बिअरचे २३ आणि २७ डॉलर घेतले होते, ते परत दिले. मग नियम घट्ट केला, बाहेरच्या भावावर जास्तीत जास्त १० टक्के. म्हणजे नियम करून भागत नाही, कुणीतरी दर महिन्याला बाहेरच्या दुकानात जाऊन भाव लिहून आणायला लागतो.

आपल्याकडे विमानतळाची नियामक संस्था एरा, ती विमान उतरवायचं, उभं करायचं भाडं आणि तुमच्या तिकिटातली यूजर फी ठरवते. समोशाचा भाव तिच्या कक्षेत येत नाही. उलट २०१६ च्या विमान वाहतूक धोरणात हायब्रिड टिल आहे, म्हणजे दुकानं, पार्किंग, जाहिराती यातून मिळालेल्या पैशातला ३० टक्के हिस्सा विमानतळाचे बाकीचे चार्ज कमी करायला धरतात, उरलेले ७० टक्के चालवणाऱ्याचे. आता सांगा, दुकानातून जास्त पैसे यावेत असं कुणाला वाटणार नाही? मुंबईचा विमानतळ चालवणारी कंपनी तर एकूण उत्पन्नातले ३८.७ टक्के एएआयला देते, २००६ चा करार आहे तो, त्यामुळे या साखळीत खालच्या टोकाला जो उभा आहे, म्हणजे तुम्ही आणि तुमचा वडापाव, त्याच्यावर सगळ्यांचा भार येतो.

तरी एक बरं झालंय. २०२४ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्याला उडान यात्री कॅफे सुरू केला, चहा १० रुपये, पाणी १०, समोसा २०, कॉफी २०. पुढे चेन्नईलाही आला. हा भाव कुणाच्या दयेने नाही परवडत, ही जागा मोठ्या बोलीच्या खेळातून वेगळी काढली म्हणून परवडतो. वर समितीवाल्यांना एक काउंटर बाजूला ठेवा म्हटलं ते यासाठीच. काही मोठे लोक म्हणतात की स्वस्त काउंटर ठेवला तर बाकीच्यांचा धंदा बसेल, पण रांग बघितली तर कळतं की १० रुपयांच्या चहाला उभा राहणारा माणूस ३०० ची कॉफी घेणारच नव्हता, तो उपाशी विमानात बसणार होता.

प्रश्न: पाण्याच्या बाटलीवर एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर तक्रार कुठे करायची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: कुठे घेतली त्यावर आहे. टेबल-खुर्ची आणि सर्व्हिस असलेल्या रेस्टॉरंटमध्ये जास्त घेता येतात, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये तसं सांगितलंय. साध्या दुकानातून उचलली असेल तर एमआरपीच, आणि एकाच मालावर दोन वेगळ्या एमआरपी छापायलाही १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. बिल घ्या, बाटलीचा फोटो काढा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला लावा. नाहीतर घरून रिकामी बाटली न्या, सिक्युरिटीच्या पलीकडे पिण्याच्या पाण्याचा नळ असतो, फक्त तो बहुतेक वेळा स्वच्छतागृहाच्या बोळात असतो, शोधावा लागतो.

प्रश्न: आमचा बचत गट आहे, कोकम, आंबापोळी, कुळीथ पीठ करतो. चिपीला किंवा गोव्याला विमानतळावर स्टॉल मिळेल का? टेंडर वगैरे आम्हाला झेपणार नाही.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: टेंडर नको. एएआयची अवसर नावाची योजना आहे, २०२२ पासून, बचत गटांना टर्मिनलमध्ये १०० ते २०० चौरस फूट जागा पाळीपाळीने देतात, एका गटाला १५ दिवस. पण ती एएआयच्या विमानतळांवरच. चिपी एएआयचा नाही, गोव्यातला मोपा जीएमआर या खासगी कंपनीचा, त्यामुळे तुम्हाला गोव्यातलाच दाबोळी नाहीतर कोल्हापूर. तिथल्या विमानतळ संचालकांच्या नावाने अर्ज करा, सोबत गटाची नोंदणी आणि मालाचे फोटो जोडा, प्रत्येक पाकिटावर एफएसएसएआय नंबर, वजन, तारीख, एमआरपी छापलेली पाहिजे, हाताने लिहिलेलं चालत नाही.

दोन बायकांचे पास आधी काढायला टाका, तिसरीचा पण टाकून ठेवा, कुणी आजारी पडली तर नवीन पास १५ दिवसांत हातात पडेलच असं नाही. कुळीथ पीठ मोठ्या पिशवीत नेऊ नका, विमानात चढणाऱ्याच्या हातात आधीच सामान असतं, पाव किलोची पाकिटं करा. आंबापोळी आणि आमसुलं पुढे मांडा, आगळाच्या बाटल्या मागे, त्या फुटल्या की लोकांच्या बॅगा खराब होतात आणि मग ते परत येऊन भांडतात. सगळा माल पहिल्याच दिवशी पाठवायचा नाही, आत ठेवायला जागा नसते आणि प्रत्येक खोका स्कॅनमधून जातो, चार-चार दिवसांचा पाठवा.